जेवणाच्या हॉलमधल्या टीव्हीवर चित्र खराब येतं : केबल बदलण्याआधी काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तालुक्याच्या गावी मंगल कार्यालय आहे. लग्नाचा हॉल वर, पंगतीचा हॉल खाली. स्टेजजवळ फोटोग्राफरचा व्हिडिओ मिक्सर (कॅमेऱ्यांचं चित्र घेऊन पुढे टीव्हीला देणारं यंत्र) असतो, तिथून पिवळ्या पिनने (जुन्या पद्धतीच्या अॅनालॉग व्हिडिओची पिन) सुमारे ३५ मीटर केबल टाकून खाली दोन टीव्ही लावलेत, एक ४३ इंची आणि एक जुना ३२ इंची. चित्र फिकट येतं, अक्षरांच्या उजवीकडे सावली दिसते, आणि डेकोरेशनचे लाइट लागले की एक काळपट पट्टा हळूहळू वर सरकत राहतो. म्हणून ३० मीटरची एचडीएमआय केबल ऑनलाइन मागवली आणि जिन्यातून जवळच्या वाटेने मोकळी सोडून बघितली. तर पांढरे ठिपके चमकतात आणि मध्येच ‘नो सिग्नल’. पुढचं लग्न बारा दिवसांवर आहे आणि तुम्ही विचारलंय, ‘कोणत्या कंपनीची केबल घेऊ?’

मी आधी केबल टीव्हीच्या लाइनवर होतो, नंतर हॉल, कार्यालयं, शाळांच्या सभागृहांची कामं करायला लागलो. वीसेक वर्षं झाली. एवढ्या काळात ‘चित्र खराब येतंय’ ही तक्रार हजारदा ऐकली असेल, आणि दर वेळी मी एकच विचारतो : खराब म्हणजे नेमकं कसं खराब? तुम्ही ते नीट लिहिलंय, त्यामुळे निम्मं काम झालंय. तुमच्याकडे एक बिघाड नाही, चार आहेत, आणि त्यातले दोन कितीही महाग केबल आणली तरी जाणार नाहीत.

सगळ्यात आधी एक हमालीचं काम करा. ४३ इंची टीव्ही भिंतीवरून काढा, वर स्टेजपाशी न्या आणि मिक्सरला दीड मीटरच्या केबलने जोडा. लोक हे टाळतात, कारण टीव्ही उतरवायचा कंटाळा येतो, आणि मग तीन वेळा केबल बदलतात. टीव्ही मिक्सरशेजारी ठेवूनही चित्र मऊ, फिकट किंवा कडा कापलेलं दिसत असेल तर दोष लांब केबलचा नाहीच. फोटोग्राफरने कॅमेरा आणि मिक्सर वेगवेगळ्या फॉरमॅटवर ठेवलेले असतात, कुणी पिवळ्या पिनमधून चित्र देतो, टीव्हीत शार्पनेस शंभरवर असतो, नाहीतर टीव्ही चित्र थोडं ताणून कडा बाहेर ढकलत असतो. मेन्यूत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा अशाच नावाचा पर्याय मिळेल, तो लावा. आणि पिवळ्या पिनकडून फार अपेक्षा ठेवू नका. त्यातून येतं ते ‘पाल’ म्हणजे आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीचं चित्र, ७२० बाय ५७६, म्हणजे सव्वाचार लाख ठिपके सुद्धा नाहीत. फुल एचडी टीव्हीचा पडदा साधारण पावणेएकवीस लाख ठिपक्यांचा. उरलेले ठिपके टीव्ही अंदाजाने भरतो. ते चित्र मऊच दिसणार.

वर चित्र चांगलं दिसलं असं धरून खाली येऊ.

फिकटपणा. तुम्ही एका केबलला टी (एका वायरीचे दोन फाटे करणारी पिन) लावून दोन टीव्ही जोडलेत ना? पिवळ्या पिनचा सिग्नल १ व्होल्टचा असतो आणि पलीकडे ७५ ओहमचा एकच भार आहे असं धरून बनवलेला असतो. दोन टीव्ही समांतर लागले की भार साडेसदतीस ओहमचा होतो आणि व्होल्टेज दोन तृतीयांशावर येतं. टी तात्पुरती काढून एकच टीव्ही लावून बघा. उजेड परत आला तर निदान झालं. दोन टीव्ही हवे असतील तर टी नाही, डिस्ट्रिब्यूशन अॅम्प्लिफायर लागतो, तो प्रत्येक टीव्हीला पूर्ण ताकदीचा वेगळा सिग्नल देतो. छोटीशी डबी असते, तिला अडॅप्टर असतो.

सावली. ही मला सगळ्यात आवडते, कारण ती फूटपट्टीने मोजता येते. सिग्नल केबलच्या टोकाला पोचतो, तिथे ७५ ओहमचा मेळ बसला नाही की थोडा मागे फिरतो. मागच्या टोकालाही मेळ नसेल तर तिथून पुन्हा उलटतो आणि टीव्हीवर दुसऱ्यांदा, उशिरा पोचतो. टीव्ही ओळ डावीकडून उजवीकडे काढतो, म्हणून उशिरा आलेलं चित्र उजवीकडे पडतं. आता हिशेब करू. तुमची केबल ३५ मीटर, जाऊन-येऊन ७०. केबलमध्ये सिग्नल सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे उशीर होतो ०.३५ मायक्रोसेकंद. पालची दिसणारी एक ओळ ५२ मायक्रोसेकंदांची आणि ४३ इंची पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद. म्हणजे सावली सहा-साडेसहा मिलिमीटरवर पडायला हवी. तुम्ही ‘अर्धा सेंटिमीटर असेल’ असं लिहिलंय, तेव्हा ती पूर्ण लांबीच्या केबलचीच आहे, मधल्या एखाद्या जोडाची नाही. जोड वाईट असता तर सावली याहून जवळ पडली असती.

संपूर्ण केबलच मेळात नाही याचा अर्थ बहुतेक असा की इलेक्ट्रिशियनने सीसीटीव्हीची ‘थ्री प्लस वन’ ओढली आहे. एकाच आवरणात तीन बारीक पॉवरच्या तारा आणि एक बारीक कोअॅक्स (मधे तार, भोवती प्लास्टिक आणि त्यावर जाळी अशी केबल), ती. गल्लीतल्या दुकानाच्या कॅमेऱ्याला चालते. पण स्वस्तातल्या रिळात त्या कोअॅक्सची जाळी इतकी विरळ असते की आतलं पांढरं प्लास्टिक दिसतं, आणि मधली तार तांब्याची नसून वरून तांब्याचा मुलामा दिलेली असते. ब्लेडने तार खरवडा. आत रुपेरी निघालं तर तांबं नाही. मग चुंबक लावा, चिकटला तर आत पोलाद आहे. डिशच्या छत्रीपासून येणाऱ्या आरजी-६ मध्येही बऱ्याचदा पोलादच असतं आणि तिथे ते चुकीचं नाही, कारण छत्रीचा सिग्नल फार वरच्या फ्रिक्वेन्सीचा असतो आणि तारेच्या पृष्ठभागावरच्या तांब्यातूनच जातो. पिवळ्या पिनचा सिग्नल मात्र पार खालच्या फ्रिक्वेन्सीपासून सुरू होतो, तो आतल्या पोलादातही शिरतो आणि तिथे मार खातो. तेव्हा ‘डिशची चांगली केबल उरली होती, तीच टाकली’ असं कुणी म्हणालं तर आधी चुंबक मागा.

आता पट्टा. इथे थोडं थांबतो, कारण मी स्वतः इथे फसलोय.

पंधरा-एक वर्षांपूर्वी असंच एका कार्यालयाचं काम होतं. रात्री चाचणी घेतली, चित्र आरशासारखं. सकाळी साखरपुड्याच्या वेळी पडदाभर पट्टा. केबल बदलली, पिना बदलल्या, मिक्सर बदलला. दुपारी जेवणं उरकल्यावर आचाऱ्याच्या माणसाने खालचा डीप फ्रीझर बंद केला आणि पट्टा निम्मा झाला. तेव्हा डोक्यात उजेड पडला. खालचा हॉल वेगळ्या मीटरवर, त्याचं अर्थिंग वेगळ्या खड्ड्यात. वरचा हॉल डेकोरेटरच्या जनरेटरवर. दोन्हीकडच्या अर्थमध्ये काही व्होल्टचा फरक, आणि त्या दोघांना जोडणारी सगळ्यात सोपी वाट म्हणजे माझ्या केबलची जाळी. मेन्सचा ५० हर्ट्झचा प्रवाह चित्रावर स्वार होऊन येत होता. पालही सेकंदाला ५० फील्डचं (फील्ड म्हणजे अर्ध्या ओळींचं चित्र), म्हणून पट्टा जवळजवळ जागच्या जागी राहतो, फक्त दोन्हींचा ठेका किंचित वेगळा असल्याने हळूहळू सरकतो. तुम्ही वर्णन केलंय अगदी तसा.

याची खात्री करायला उपकरण लागत नाही. मिक्सर बाजूला काढा आणि बॅटरीवर चालणारा कॅमेरा थेट त्या लांब केबलला लावा. कॅमेऱ्याला चार्जर नको, दुसरी कुठली वायर नको. पट्टा गेला तर तो अर्थचा खेळ. पट्टा राहिला तर केबल विजेच्या तारांबरोबर एकाच पायपातून नेल्याचा परिणाम असू शकतो. ती कशातून नेलीय हे तुम्ही लिहिलेलं नाही, तेवढं बघून घ्या. आणि एक तिसरी शक्यता आहे जी सगळे विसरतात : पट्टा कॅमेऱ्याच्या स्वतःच्या छोट्या पडद्यावरही दिसतो का? दिसत असेल तर केबल निर्दोष आहे. डेकोरेशनच्या स्वस्त एलईडी विजेच्या ठेक्यावर लुकलुकतात आणि कॅमेऱ्याचा शटर १/६० सेकंदावर असतो. फोटोग्राफरला शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवायला सांगा. ‘लाइट लागले की पट्टा येतो’ हे तुमचं वाक्य दोन्ही शक्यतांना लागू पडतं, म्हणून ही चाचणी कराच.

अर्थचाच खेळ निघाला तर दोन मार्ग. मिक्सर आणि टीव्ही एकाच फेजवर, एकाच अर्थिंगवर आणायचे, हा खरा. ते जमत नसेल तर पिवळ्या पिनसाठी व्हिडिओ ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, तो चित्र जाऊ देतो पण दोन्हीकडच्या अर्थची जोडणी तोडतो, तो खालच्या टोकाला लावायचा. तिसरा मार्ग काही मंडळी सुचवतात, प्लगची अर्थची पिन तोडा. तो मार्ग नाही. पट्टा जातो, पण उद्या मिक्सरच्या पत्र्यात करंट आला तर तो जमिनीत जायला वाट शोधेल, आणि ती वाट ओल्या हातांनी टीव्हीची वायर सरळ करणारा वाढपी असू शकतो. केबल जोडताना हाताला चरचर लागत असेल तर सगळं बंद करून जोडा. सुटलेल्या केबलची जाळी आणि टीव्हीकडचं अर्थ यांच्यात साधा पिवळा बल्ब लावल्यावर तो पेटत असेल, तर तो व्हिडिओचा विषयच नाही. ही तपासणीही इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

एचडीएमआयची गोष्ट वेगळी आहे. तिथे सावली पडत नाही, रंग फिकट होत नाहीत. सिग्नल पोचतोय तोवर चित्र अख्खं, आणि पोचेनासा झाला की आधी चमकते ठिपके, मग काळोख. म्हणजे तुम्हाला दिसतंय ते कड्याच्या टोकावर उभं असल्याचं लक्षण. फुल एचडी साठ फ्रेमला एचडीएमआयच्या तीन जोड्यांमधून प्रत्येकी सेकंदाला जवळजवळ दीड गिगाबिट धावतात. साध्या तांब्याच्या केबलला १०-१५ मीटर ठीक, त्यापुढे नशीब. ३० मीटर साधी केबल कोणत्याही कंपनीची घ्या, उत्तर तेच. एक फुकटची चाचणी : मिक्सरचं आउटपुट १०८०पी ६० वरून १०८०आय ५० किंवा ७२०पी ५० वर आणा (पहिला आकडा चित्राच्या ओळींचा, दुसरा सेकंदाला किती चित्रं त्याचा, ‘आय’ म्हणजे दर वेळी अर्ध्याच ओळी). भार निम्मा होतो. ठिपके गेले तर केबलची ताकद कमी पडत होती हे नक्की. आणि एचडीएमआयवरही चित्र धूसर दिसत असेल, तर केबलला दोष देऊ नका, तो स्रोताचा किंवा टीव्हीच्या सेटिंगचा. तुमचा ३२ इंची जुना टीव्ही ‘एचडी रेडी’ म्हणजे १३६६ बाय ७६८ चा असणार. स्प्लिटर (एका एचडीएमआयवरून दोन टीव्ही चालवणारी डबी) कधी कधी दोघांतल्या कमी कुवतीच्या टीव्हीशी जुळवून घेतो आणि मोठ्या टीव्हीलाही ७२०पीच देतो. जुना टीव्ही काढून बघा, मोठ्यावर चित्र सुधारलं तर कारण तेच.

मग करायचं काय? हे तुमच्या पायपावर, बजेटवर आणि रोजच्या वापरावर ठरतं. तीन पर्याय खरे आहेत.

पहिला, फायबरची एचडीएमआय. चित्र उत्तम, ५० मीटरलाही काही होत नाही. पण तिला दिशा असते, ‘सोर्स’ लिहिलेलं टोक वर आणि ‘डिस्प्ले’ खाली. टोकाला मोठी पिन असते, ती २० मिलिमीटरच्या पायपातून, दोन बेंड पार करून जाईल याची खात्री मी देणार नाही. आणि कापली गेली की फेकायची. स्वयंपाकघराच्या वरून वायर जाते म्हणता, तिथे उंदीर असणारच. माझी एक अशीच केबल दुसऱ्या महिन्यात कुरतडली होती.

दुसरा, कॅट-६ म्हणजे नेटवर्कच्या (लॅन) केबलवरचे एक्स्टेंडर, एचडीएमआय लांब नेणाऱ्या डब्यांची जोडी. यात मात्र नीट बघा, कारण एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू विकतात. दोन लॅन केबल लागणाऱ्या, अडॅप्टर नसलेल्या डब्या येतात, त्या विसरा. एका केबलवर चित्र न दाबता पाठवणाऱ्या येतात, एचडीबेसटीच्या जातीच्या, ५०-७० मीटरच्या. त्या चांगल्या. फक्त कॅट-६ शुद्ध तांब्याची हवी, बाजारात ‘सीसीए’ म्हणून अॅल्युमिनियमवर मुलामा दिलेली सर्रास खपते. आणि तिसऱ्या जातीच्या डब्या नेटवर्क स्विचवरून चित्र दाबून पाठवतात, अंतर १२० मीटर वगैरे लिहिलेलं असतं, त्या स्वस्तही असतात.

या तिसऱ्या जातीने माझी एकदा चांगलीच शोभा केली. चित्र स्वच्छ होतं, मी खूश. पण चित्र दाबायला आणि उलगडायला वेळ लागतो, कधी कधी सेकंदाच्या वर. कार्यालयाचा आवाज मात्र भोंग्यांमधून थेट येत होता. मुहूर्ताला वर भटजींचं ‘शुभमंगल सावधान’ झालं, बँड वाजायला लागला, आणि खाली टीव्हीवर अंतरपाट अजून धरलेलाच! निम्म्या लोकांनी अक्षता टाकल्या, निम्मे हात वर करून थांबले. पुढच्या रांगेतले एक आजोबा सुनेला म्हणाले, ‘अगं थांब, अजून अंतरपाट आहे.’ यजमान काही बोलले नाहीत, पण बिलाच्या वेळी बोलले. तेव्हापासून डबी विकत घेण्याआधी मी चुटकीची चाचणी करतो : कॅमेऱ्यासमोर चुटकी, डोळे टीव्हीवर. कान आणि डोळा वेगळे पडले की डबी परत. तुमच्याकडे खाली वरच्याच अॅम्प्लिफायरचा आवाज येत असेल तर तुम्हालाही हे बघावंच लागेल.

तिसरा पर्याय एसडीआय, आणि कार्यालयासाठी माझा कल याच्याकडे आहे. एसडीआय म्हणजे टीव्ही स्टेशनवाले वापरतात ती, कोअॅक्सवरून डिजिटल चित्र नेण्याची पद्धत. तिचं मानक १९८९ चं, एचडी आवृत्ती १९९८ ची. एकच कोअॅक्स केबल, टोकाला फिरवून अडकणारी बीएनसी पिन, कुणाचा पाय अडकला तरी सुटत नाही. तांब्याच्या गाभ्याची चांगली आरजी-६ असेल तर एचडी-एसडीआयला ३५ मीटर म्हणजे काहीच नाही. वर एचडीएमआय ते एसडीआय आणि खाली एसडीआय ते एचडीएमआय असे दोन कन्व्हर्टर, मग टीव्हींपाशी स्प्लिटर. स्प्लिटर वर नको, खालीच. मुख्य फायदा असा की उंदराने केबल तोडली तर तुमच्या गावातला कोणताही केबलवाला अर्ध्या तासात पिन मारून देईल. उणं एवढंच की मॅच किंवा ओटीटी दाखवायला सेट-टॉप बॉक्स लावलात तर कॉपी-संरक्षणामुळे एसडीआयचा कन्व्हर्टर चित्र अडवेल. तोही वापर असेल तर दुसऱ्या पर्यायातली न दाबणारी डबी घ्या.

तुमच्याकडे प्रत्येक लग्नाला नवा फोटोग्राफर येणार, हे कुठल्याही पर्यायात लक्षात ठेवा. स्टेजच्या बाजूला भिंतीत एक एचडीएमआय सॉकेट पक्कं बसवा, त्यामागचा कन्व्हर्टर कुलपात, आणि सॉकेटवर चिठ्ठी : ‘१०८०आय ५० लावा.’ १०८०पी ५० किंवा ६० ला दुप्पट वेगाचा, ३जी-एसडीआय लागतो. साधा कन्व्हर्टर तिथे नुसता काळा पडदा दाखवेल आणि तुम्ही पुन्हा केबलवर संशय घ्याल.

बारा दिवसांत नवा पाइप होणार नाही हे मला कळतं. या लग्नापुरतं असं करा : टी काढा, खाली एकच ४३ इंची ठेवा, ३२ इंची या वेळी बंद. तांब्याच्या गाभ्याची आरजी-६ ४० मीटर आणा, ती पायपातून न नेता जिन्याच्या कठड्याने, विजेच्या वायरपासून हातभर लांब ठेवून बांधत न्या. आधी पिवळी पिन त्यावर लावून बघा, सोबत आयसोलेटर. हीच केबल नंतर एसडीआयला वापरता येईल, पैसे वाया जाणार नाहीत. मिक्सरला वीज जनरेटरवरून नको, खालच्या टीव्हीच्याच मीटरवरून एक्स्टेंशन न्या, अर्थच्या पिनसकट.

आणि हो, बॅटरीवरच्या कॅमेऱ्याची चाचणी डेकोरेशनचे सगळे लाइट लावून करा, नुसत्या ट्यूबलाइटवर नको. पट्टा गेला की राहिला तेवढं कळवा, त्यावर आयसोलेटर घ्यायचा की नाही ते सांगतो.